भीतीला मज्जाव

सकाळचा चहा झाला होता. धाकटा दारात बसून बुटांचे बंद बांधत होता, सोडत होता, पुन्हा बांधत होता. त्याची बायको थोरल्या दिराजवळ आली.

"दादा, आज ह्यांना नका उतरवू. झोपेत श्वास कोंडल्यासारखे दचकून उठतात."

थोरला बंदरावर पाण्याखाली उतरून काम करणाऱ्या पाणबुड्यांचा मुकादम होता; धाकटा त्याच्याच हाताखाली. तो हसला. "अगं, होईल सवय. आपल्या घरात कोणी घाबरलंय का कधी?"

बंदरावरची रीतच होती ती. भीती वाटते म्हणणाऱ्याला 'ताईसाहेब' म्हणायचं, तो काम सोडेपर्यंत. हे नाव पाडलं होतं थोरल्यानेच.

त्या दिवशी एका जहाजाच्या पंख्यात जाड दोर गुंतला होता. गढूळ पाण्यात धाकटा हातांनी चाचपत तो कापत होता. बऱ्याच वेळाने धक्क्यावरच्या बोलण्याच्या यंत्रातून त्याचा आवाज आला.

"दादा, वर घे मला."

"काय झालं?"

"काही नाही. घे ना वर."

भोवतालची माणसं फिदीफिदी हसली. "ताईसाहेबांना चहा पाठवा खाली!" थोरल्यालाही हसू आलं. भावाचा धापा टाकणारा श्वास त्याला स्पष्ट ऐकू येत होता. तरी तो म्हणाला, "उरकून ये."

धाकट्याने पाण्याखाली धरून ठेवणारी कमरेची वजनं सोडून दिली आणि तो सरळ वर उसळला. इतका वेळ खोलात राहून एकदम वर येणं शरीराला सोसत नाही. जीव वाचला. पाय गेले.

इस्पितळात थोरला खाटेशी मान खाली घालून उभा राहिला. धाकट्यानेच त्याचा हात धरला.

"दादा, चारचौघांत मान खाली घालायला लावली मी तुला. माफ कर."

भावजयीने नुसती खुर्ची पुढे सरकवली. त्या खुर्चीवर बसायचं त्याला धाडस झालं नाही.

पुढच्या पाळीला एक पाणबुड्या शिडीपाशी अडखळला. "आज मन घेत नाही, मुकादम."

कोणीतरी खुदकन हसलं. थोरल्याने त्या पाणबुड्याच्या अंगावरचा पट्टा स्वतः सोडवला आणि सगळ्यांकडे वळून म्हणाला, "मला आजही प्रत्येक वेळी उतरताना भीती वाटते. इथून पुढे जो नको म्हणेल, तो उतरणार नाही. आणि हसणारा उद्यापासून इथे दिसणार नाही."

एवढं बोलायला त्याला फार तर एक श्वास लागला होता. भावासाठी तेवढाही त्याने खर्चला नव्हता.