माल परवा बोटीवर

"नाव सांगायचं, कारखाना कसला ते सांगायचं, आणि मग एकच वाक्य. या केंद्रात मला निर्यातीचं प्रशिक्षण मिळालं. बास. जमेल ना?" साहेबांनी विचारलं.

धाकटा खुर्चीच्या टोकावर बसला होता. सकाळीच हात घासून आला होता, तरी बोटांना व्हार्निशचा वास होताच.

"जमेल की. याहून लांब कविता पाठ म्हणून बक्षीस घेतलंय मी शाळेत."

"आणि कुणी उलट विचारलं तर?"

"तर ताईकडे बघीन."

साहेब हसले. त्याची थोरली बहीण, ताई, हसली नाही. दाराजवळच्या टेबलावर ती अनुदान देणाऱ्या समितीसाठी अहवालाच्या प्रती टाचत होती. टाचणी अंगठ्यात घुसली होती.

या महाविद्यालयाच्या आंतरराष्ट्रीय व्यापार शिक्षण केंद्रात ती अकरा वर्षं टायपिस्ट होती. सगळे तिला टायपिस्टबाईच म्हणत. नेमणूक दरसाल नवी. सरकारी अनुदान आलं की बाई राहणार, नाही आलं की बाई घरी. अनुदानाच्या अटी तिला तोंडपाठ होत्या, कारण अख्ख्या इमारतीत त्या वाचणारी ती एकटीच. विद्यार्थ्यांना परदेशी व्यापार आणि परदेशी भाषा शिकवा, ही पहिली अट. गावातल्या लहान कारखानदारांना माल बाहेर पाठवायला शिकवा, ही सातवी.

पहिली अट साहेब पाळत. त्या अटीच्या जिवावर परदेशातल्या परिषदांना इतके जात, की शिपाई त्यांना पाठीमागे विमानसाहेब म्हणायचा. सातवी अट टायपिस्टबाईवर सोडली होती. ती कशी पाळायची? घरी जाताना कारखान्यांच्या पाट्या वाचायच्या आणि दुसऱ्या दिवशी ती नावं 'प्रशिक्षित उद्योजक' या मथळ्याखाली टाइप करायची. अशी चाळीस नावं. त्यातला एक गिरणीवाला जाऊन तीन वर्षं झाली होती. कागदावर तो अजून निर्यात शिकत होता.

एकतिसावं नाव धाकट्याचं.

धाकटा ब्रश बनवायचा. रंगाचे, यंत्रं पुसायचे, बाटल्या धुवायचे. हाताखाली चार माणसं. आणि गंमत बघा, चाळिसांपैकी खरोखर बाहेरून मागणी आली ती या एकट्याला. पत्र घेऊन तो धावत केंद्रात आला. "साहेब, एवढं सांगा, उत्तर कसं लिहायचं?" साहेबांनी पत्राला हातसुद्धा लावला नाही. "पुढच्या तुकडीत नाव द्या," म्हणाले. तुकडी! तुकडी कधी नव्हतीच. नाव मात्र आधीच दिलेलं होतं.

मग पत्रव्यवहार ताईनेच केला. पत्रातली परदेशी भाषा ती कुणाकडे शिकली नव्हती. अकरा वर्षं वर्गाचे कागद टाइप करून करून ती तिच्या बोटांत उतरली होती. पाच पत्रं बिनबोभाट गेली. सहाव्या वेळी धाकट्याने कामाच्या घाईत चिठ्ठी पाठवली. 'माल परवा बोटीवर. कळवून टाक.'

आपला परवा मागेही असतो आणि पुढेही. कुठला, ते क्रियापद सांगतं. धाकट्याने क्रियापदच लिहिलं नव्हतं; घाईत कोण लिहितं? त्या भाषेत मात्र दोन परवांना दोन वेगळे शब्द. पेट्या भरून झाल्याचं ताईच्या कानावर आलेलं. तिने गेलेला परवा लिहिला. तो यायचा होता.

तिकडच्या व्यापाऱ्याने बोटीवर चौकशी केली. माल नव्हता. दोन ओळींचं उत्तर आलं. न चढवलेला माल चढवला म्हणून सांगणाऱ्याशी आम्ही धंदा करत नाही.

"मी काय खोटं बोललो, ताई?" धाकटा पुन्हा पुन्हा विचारत होता. "तूच सांग. तुला माहीत आहे ना मी कसा आहे ते?"

तिने आपल्याकडची प्रत काढली. एका नजरेत कळलं. आणि ती म्हणाली, "परदेशी माणसं असलीच असतात रे."

त्यानंतर दोन महिने ती कारखान्याकडे फिरकली नाही. आणि आज तोच धाकटा तिच्यासाठी खोटं बोलायला आला होता. "तुझी नोकरी टिकत असेल तर बोलतो की," जिन्यात म्हणाला होता. "नाहीतरी खोटारडा म्हणून माझं नाव सातासमुद्रापार गेलंच आहे."

अकराला समिती आली. तिघंजण. अध्यक्षा पांढऱ्या केसांच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली, आलेख दाखवले. मग धाकट्याला पुढे केलं.

धाकट्याने वाक्य म्हटलं. चोख म्हटलं.

"छान. नेमकं काय शिकलात?" अध्यक्षांनी विचारलं.

त्याने ताईकडे बघितलं. "पत्रव्यवहार."

"मग माल गेला का बाहेर?"

"सध्या बाजार मंद आहे, मॅडम," साहेब मध्ये पडले.

"मी यांना विचारतेय."

"नाही गेला," धाकटा म्हणाला. त्याचे कान लाल झाले. "चूक माझीच. माझ्या हातून काहीतरी खोटं लिहिलं गेलं असणार. केंद्राचा त्यात काही दोष नाही."

ताई उभी राहिली.

"त्याची चूक नाही. पत्र मी लिहिलं."

"बाई, जरा चहाचं बघा," साहेब म्हणाले.

"चहा झालाय, साहेब. सगळ्यांचा झालाय." ती थांबली नाही. "त्याने येणारा परवा म्हटला होता, मी गेलेला लिहिला. दोन महिने मला माहीत आहे. आणि त्याला इथे कुणी काही शिकवलेलं नाही. चाळिसातल्या एकालाही नाही. ती नावं मी पाट्यांवरून उतरवलीत. शिकवलं असतं तर आपलं पत्र त्याने आपणच लिहिलं असतं."

अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं.

"तुमची काही तक्रार असेल तर ती लेखी, योग्य मार्गाने द्या. आज आम्ही अहवाल पाहायला आलोय."

अनुदान महिन्याभराने मंजूर झालं. का होणार नाही? अहवालात एक चूक नव्हती, समास सारखे, मथळे ठळक. टायपिस्टबाईची नेमणूक तेवढी पुढे झाली नाही. शिपाई म्हणे, "बाई खरं बोलल्या, पण फार वेळ बोलल्या."

पण ते नंतरचं. त्या दिवशी ताई खाली आली तेव्हा धाकटा निघून गेला होता. ती सरळ कारखान्यावर गेली.

दार उघडं होतं. आत दोघे कामगार जमिनीवर बसून ब्रशांच्या दांड्या पॉलिशपेपरने घासत होते. प्रत्येक दांडीवर तिकडच्या दुकानाचं नाव छापलेलं, निळ्या अक्षरांत. तो छाप इथले दुकानदार घेत नव्हते. भिंतीला छतापर्यंत पेट्या. धाकटा पाठमोरा बसून घासत होता.

"दोन महिने," तो म्हणाला. वळला नाही.

"हो."

"मी घरात मान खाली घालून जेवत होतो, ताई. तुझी वहिनी विचारायची, असं काय लिहिलंत तुम्ही?"

"हो."

एक कामगार उठून बाहेर गेला. दुसऱ्याने मान आणखी खाली घातली. ताईने पिशवी खिळ्याला अडकवली, रिकाम्या जागी बसली, पेटीतून एक दांडी उचलली आणि घासू लागली. निळं नाव पुसट झालं, पण लाकडावर ओरखडे उठले.

मग धाकट्याने तिच्या हाताकडे बघितलं. तोंडाकडे नाही.

"आडवं घासू नकोस. लाकडाच्या रेषेने घास. उभं."

तिने दांडी हातात फिरवली आणि उभं घासायला सुरुवात केली.