तीन बोटं उभी

सकाळपासून माझं बूड खुर्चीला टेकत नव्हतं. खोक्यांच्या कारखान्यातलं कॅन्टीन आम्ही कार्यक्रमासाठी घेतलं होतं. टेबलं भिंतीला सरकवून, चार फळ्या जोडून स्टेज केलं होतं. मी माइक तपासला, मग पुन्हा तपासला. माइकवाला म्हणाला, "ताई, तो काय पळून जातोय का?" मी त्याच्यावर उगाचच खेकसले.

आज माझ्या सख्ख्या मोठ्या भावाला त्या फळ्यांवर उभं करायचं होतं. दादा याच कारखान्यात कटिंग मशिनवर आहे आणि मी तंबाखू सोडवायच्या सरकारी मोहिमेत समुपदेशक. गेल्या वर्षी त्यानं सिगरेट सोडली, ती माझ्यामुळे. भिंतीवर त्याचा हा भला मोठा फोटो लावला होता आणि खाली लिहिलं होतं, 'मी सोडली. तुम्हीही सोडा.'

सगळं छान चाललं होतं, पण सकाळी घरून निघता निघता वहिनीचा फोन आला होता.

"अगं, यांचं तोंड आलंय ते बरं व्हायचं नावच घेत नाही. तिखट सोडच, कोमट चहासुद्धा झोंबतो. माझी भांडी घासून होतात तरी हे आपले घास चघळत बसलेले."

"वहिनी, सिगरेट सोडल्यावर तोंड येतं," मी फाडकन सांगितलं. "आम्हाला प्रशिक्षणात शिकवलंय. जाईल आपोआप."

"वर्ष होत आलं की गं."

"मग जीवनसत्त्वाच्या गोळ्या द्या," म्हणत मी फोन ठेवला. ठेवता ठेवताच मला आठवलं, की प्रशिक्षणात सांगितलं होतं ते काही आठवड्यांचं दुखणं होतं.

पण दादावर संशय घ्यायला जागाच नव्हती. माझ्याकडे यंत्र आहे. विडी-सिगरेटच्या धुरातला जो वायू अंगात भिनतो, तो श्वासातून किती बाहेर पडतो ते हे यंत्र दाखवतं. हिरवा दिवा लागला तर माणूस स्वच्छ, लाल लागला तर चोरी पकडली. कामगार त्याला फुंकणी म्हणतात. मी दर रविवारी दादाकडे जाऊन त्याला फुंकायला लावायचे आणि दर रविवारी हिरवा दिवा लागायचा. सोमवारी मी ऑफिसात तोरा मिरवायचे. बाकीच्यांची माणसं महिनाभरात परत ओढायला लागायची, माझा दादा मात्र खणखणीत होता.

तो आला तो पांढरा कडक शर्ट घालून. "काय ढमे, घाम का फुटलाय? भाषण मला करायचंय." लहानपणी मी गुबगुबीत होते, तेव्हापासून मी ढमी. हल्ली तो ओठ फारसे न हलवताच बोलायचा, हे माझ्या आज लक्षात आलं.

"तोंड आलंय म्हणे तुझं?"

"तुझ्या वहिनीला बातम्या पुरवायची नोकरी लागलीय वाटतं."

"बघू तरी," मी म्हणाले आणि एक पाऊल पुढे झाले. तेवढ्यात आमचे साहेब आले, त्यांच्यामागे कारखान्याचे मॅनेजर आले. मला हायसं वाटलं. बघायचं टळलं म्हणून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

मॅनेजरांनी माइक धरला तो सोडेनात. "आमच्याकडे सगळीकडे कागद आणि पुठ्ठा. एक ठिणगी पडली तर सगळं खाक. त्यामुळे आमच्या आवारात कुणी काडीसुद्धा ओढत नाही. आम्ही तुमच्या मोहिमेच्या आधीपासूनच धूरमुक्त आहोत!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, आणि वाजवता वाजवता मधेच थांबले. येताना मी कटिंग विभागातून आले होते. आग विझवायची वाळूची बादली तिथं कोपऱ्यात होती, आणि त्यातली वाळू थुंकून थुंकून लालभडक झाली होती. जिथं काडी ओढता येत नाही तिथं तलफ आली की माणूस काय करतो, हे मला कुणी सांगायला हवं होतं का? मी गावभर तेच सांगत फिरते. घरी गॅलरीत उभं राहून सिगरेट ओढणारा दादा मी पाहिला होता. मशिनवरचा दादा मी कधी पाहिलाच नव्हता.

"ताई, आता तुम्ही," साहेब म्हणाले.

माझा कार्यक्रम ठरलेला असतो. मी समोरच्या लोकांना हाताची मधली तीन बोटं जुळवून एकावर एक उभी तोंडात घालायला सांगते. गेली तर ठीक. नाही गेली तर तंबाखू-सुपारीनं गाल आतून आखडायला लागलेत, आणि त्या माणसानं सरळ दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलापाशी जायचं. कॅन्टीनभर खसखस पिकली, बोटं तोंडात गेली, काहींची अडली, हसणं ओसरलं. मी नेहमी लोकांकडे तोंड करून उभी असते. पाठीमागे स्टेजवर बसलेल्या पाहुण्यांना कोण तपासतो?

आज मी मागे वळले. साहेबांनी शहाण्या मुलासारखी बोटं घातली होती. दादाचे हात मांडीवर होते.

"दादा, तूसुद्धा."

माइक चालू होता. सगळे बघायला लागले. दादानं माझ्याकडे असं पाहिलं, की वाटलं नको, राहू दे. पण त्यानं हात उचलला. दोन बोटं उभी केली, एक आत गेलं आणि दुसरं दातांवर अडकलं. तिसरं त्यानं वर काढलंच नाही.

"ताई, पुढे चला," साहेब दबक्या आवाजात म्हणाले. "फोटोवाले आलेत."

"खड्ड्यात गेले फोटोवाले," मी म्हणाले आणि तेही माइकवरूनच गेलं. मी दादाचा दंड धरला आणि त्याला स्टेजवरून उतरवून डॉक्टरीणबाईंच्या रांगेत नेऊन उभं केलं. लोक पुढे जा म्हणत होते. तो म्हणाला, "नको, नंबरानंच जाऊ." त्यानं पाठ वळवली, गालातलं काहीतरी रुमालात काढलं आणि रुमाल खिशात कोंबला. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

डॉक्टरीणबाई सगळ्यांशी हसतखेळत बोलत होत्या. दादाच्या तोंडात बॅटरीचा झोत टाकल्यावर मात्र त्यांचं बोलणं थांबलं. लाकडी पट्टीनं त्यांनी गाल बाजूला धरला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"आत पांढरा चट्टा आहे, कडेनं कडक झालाय," त्या म्हणाल्या. "बारीकसा तुकडा काढून तपासायला हवा. उद्याच दवाखान्यात या. निघेल ते निघेल, मी आज काही सांगणार नाही. पण तंबाखू-सुपारीची पुडी आत्तापासून बंद." बॅटरी टेबलावर ठेवून त्या चिठ्ठी लिहायला लागल्या.

माझा तोल गेला. "वर्षभर फसवलंस मला? रविवारच्या रविवारी?"

"फसवलं कुठं?" दादा हळूच म्हणाला. "मशिनवर पहिल्यापासून पुडीच होती. सिगरेट गेली तशी जरा वाढली. तू सिगरेट सोड म्हणालीस, सोडली. फुंक म्हणालीस, फुंकलो."

"आणि सांगायला काय झालं होतं?"

"तो दिवा हिरवा लागला की तुझा चेहरा असा काही व्हायचा ना, ढमे." तो खाली बघत राहिला. "जीभच रेटायची नाही. दर वेळी वाटायचं, आज ही आपणहून म्हणेल, दादा, आ कर."

रडू फुटत होतं आणि रागही येत होता, त्याचा की माझा ते कळत नव्हतं. मी टेबलावरची बॅटरी उचलली.

"दादा, आ कर."

त्याचं तोंड जेवढं उघडत होतं तेवढं त्यानं उघडलं.