बाबारावांच्या मुगाचा ताप

"रायपूर जिल्ह्यातली माती यापुढे आपल्याला विचारल्याशिवाय तापणार नाही!" असं शिशिरने कार्यालयातल्या बैठकीत जाहीर केलं. त्याच आठवड्यात सिलतऱ्याच्या पलीकडे, बाबारावांच्या मुगाच्या शेतातली माती त्याला न विचारता थंड पडू लागली.

उपग्रहाच्या चित्रांवरून मातीचं तापमान सांगायचं गणित त्याने तीन वर्षं घासूनपुसून बसवलं होतं. पडताळ्यासाठी शेताशेतांत तापमापक पुरले होते. सगळीकडे गणित जुळायचं. बाबारावांकडे मात्र रोज साडेदहाला, नेमका उपग्रह जायच्या वेळी, वरून शेत तव्यासारखं दिसायचं आणि मातीतला तापमापक थंड हवेच्या पचमढीला गेल्यासारखा वागायचा. पुढच्या बैठकीत याचं कारण देता आलं नाही, तर गणित बासनात गुंडाळलं जाणार होतं. शिशिरने वायर बदलली, बॅटरी बदलली, मग घरी बसून उपग्रहाला शिव्या घातल्या.

"त्याले ऐकू येते का तेवढ्या वर?" त्याची बायको मीनल म्हणाली. "साडेदहाले तिथं जाऊन बसून पाहा ना एकदा."

तो गेला. साडेदहाच्या सुमारास बाबाराव आले, तापमापकाच्या बॅटरीसाठी उभारलेल्या सोलर पाटीखाली सावलीत टेकले आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेलं गाडगं त्यांनी बरोब्बर पुरलेल्या तापमापकावर ठेवलं.

"काकाजी! काय करून राहिले हे?"

"बासी. रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला. खातो का?"

"पण इथंच काहून?"

"तूच तं खोदून माती भुसभुशीत केली. गाडगं कसं मस्त बसते. वर सावली. मले वाटलं, सरकारनं पहिल्यांदाच काही कामाचं केलं."

शिशिरने कपाळाला हात लावला. मग गाडगं उचलून मांडीवर घेतलं, ओली माती खरडून उन्हातली कोरडी पसरली, वरची पाटी फिरवली आणि मोबाइलवर आकडे बघत बसला. पँट भिजली. बाबाराव कांदा सोलत राहिले. आकडा हळूहळू चढला, आणखी चढला, आणि उपग्रहाच्या आकड्याला जाऊन भिडला.

"काकाजी, माझं गणित बरोबर आहे!" त्याने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "तीन वर्षं, काकाजी! आकाशातून या मातीचा..."

"हव," बाबाराव म्हणाले. "झालं असेल तं ठेव ना ते गाडगं परत. गरम बासी खाल्ली जात नाही मायाच्यानं."