डावी नळी

"पोलादाचे छरे? त्यापेक्षा खिशात वाटाणे घेऊन जा की, सूनबाई. निदान बदकांचं पोट तरी भरेल."

माझे सासरे ओत्तोरिनो हे बोलले तेव्हा आम्ही इटलीतल्या आमच्या कियोज्जाच्या दुकानात काडतुसांच्या कपाटासमोर उभे होतो आणि दुकानदार हसू दाबत होता. पाणथळीत शिशाचे छरे वापरायला बंदी येऊन काही हंगाम लोटले होते, पण सासऱ्यांच्या लेखी त्या बंदीवर अजून चर्चाच चालू होती.

"तुमच्यासाठी पोलाद नाहीच घेत, बाबा," मी म्हटलं. "तुमच्या बंदुकीला ते झेपणार नाही."

त्यांची दुनळी बारा बोअरची, त्यांच्या वडिलांच्या काळची. तिच्या नळ्या तोंडाशी आवळत गेलेल्या. शिसं मऊ, ते दबून बाहेर पडतं. पोलाद दबत नाही, ते नळीलाच फाडायला बघतं. म्हणून त्यांच्यासाठी मी बिस्मथचे छरे घेतले. शिशाइतके जड नाहीत, पण जुन्या नळ्यांना चालतात. माझी बंदूक वीस बोअरची, नवी; आकडा मोठा, पण नळी बारीक. तिला पोलाद चालतं. त्यांची काडतुसं लाल, माझी पिवळी.

वीस बोअरचं काडतूस पिवळं करतात ते उगाच नाही. ते चुकून बारा बोअरच्या नळीत गेलं, तर मागे अडकत नाही. घसरून आत जातं आणि बोटभर पुढे रुतून बसतं. मागून पाहावं तर नळी रिकामी. माणूस वर दुसरं काडतूस घालतो, चाप ओढतो आणि दोन्ही एकदम फुटतात, नेमकी जिथे डाव्या हाताची पकड असते तिथे. आमच्याकडे ज्यांनी हे पाहिलंय, ते त्याविषयी जेवताना बोलत नाहीत.

"पिवळी माझी हं, बाबा. नीट बघून घ्या," मी दुकानातच बजावलं.

"मी कशाला बघू? माझे डोळे आभाळात असतात. काडतूस हात ओळखतो."

हा आमच्या खाजणातला मोठा तोरा. पाण्यात पुरलेल्या पिंपात बसायचं, काडतुसांचा डबा गुडघ्याशी ठेवायचा आणि मान खाली न घालता चाचपून बंदूक भरायची. जो डब्यात डोकावतो तो शहरातला पाहुणा. सासऱ्यांनी साठ वर्षांत कधी खाली पाहिलं नव्हतं, आणि दुसरी गोष्ट म्हणजे एकाहून जास्त बदकं समोर असताना कधी एकच बार काढला नव्हता. बदकांची जोडी असो नाहीतर थवा, आधी उजवी नळी, लगेच डावी. आवाज ऐकूनच लोक म्हणत, ओत्तोरिनो बसलेत वाटतं.

त्या पानगळीपासून मात्र त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. किल्ल्या पोलेंताच्या, म्हणजे मक्याच्या लापशीच्या, पातेल्यात सापडल्या. कुत्र्याला दोनदा जेवण मिळायला लागलं, तो तेवढा खूश. मी चिडवायची, "बाबा, मी कोण ते तरी आठवतंय ना?" आधी ते हसायचे. मग हसणं थांबलं. काही विसरलं की मूठ वळून स्वतःच्या कपाळावर मारायचे, आणि ती कपाळावरची मूठ मला बघवत नसे. वसंतात बंदुकीच्या परवान्यासाठी डॉक्टरकडे जायचं होतं. त्याविषयी घरात कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

जानेवारीच्या त्या रविवारी उजाडायच्या आधीच आम्ही खाजणातल्या घरात पोचलो. तिथला राखणदार एर्मेस, तोच नावाडी. कॉफीत ग्राप्पाची कडक दारू ओतून देता देता तो म्हणाला, "फोन टोपलीत टाका, खाजणात वाजायला नकोत. आणि ओत्तोरिनोकाका, पिशवी दाखवा."

"मला ओळखत नाहीस का रे?"

"ओळखतो म्हणून तर बघतोय."

त्याने पिशवी टेबलावर उपडी केली. लाल काडतुसांमधून मूठभर राखाडी निघाली. जुनी, शिशाची. माझं डोकं फिरलं. दुकान पालथं घालून मी बिस्मथ आणलं आणि हे महाशय तळाशी शिसं लपवून आले होते!

"दंड कोण भरणार, बाबा? खाजणाचा परवाना गेला तर एर्मेस काय खाणार?"

"वाटाणे," सासरे म्हणाले.

एर्मेसने माझीही पिशवी उपडी केली. "तुमचीही बघू दे, वहिनी. एका घरातले तुम्ही." मग जे झालं ते भांडणाच्या भरात. सासरे राखाडी काडतुसं परत ओढायला गेले, मी त्यांच्या हातावर चापटी मारली, डबे कलंडले. मिणमिणत्या दिव्याखाली तिघेही बडबडत मुठी भरभरून काडतुसं डब्यांत कोंबत होतो. शिसं तेवढं एर्मेसने कपाटात टाकलं. निघताना सासऱ्यांनी कानातलं ऐकण्याचं यंत्र काढून डबीत ठेवलं, कारण बार उडाला की ते कानात किंचाळतं.

नाव वल्हवत एर्मेसने आधी त्यांना त्यांच्या पिंपात सोडलं, मग मला माझ्या. मधे हाक पोचेल एवढंच पाणी. पण बोरा, तो ईशान्येचा बोचरा वारा, त्यांच्याकडून माझ्याकडे सुटला होता, हाक उलटी माझ्याच तोंडात आली असती. एर्मेस दूर वेतांच्या बेटामागे गेला. त्याला बोलवायचं तर काठीला लाल फडकं बांधून उभं करायचं, हीच रीत.

उजाडलं. मी बंदुकीच्या एका नळीत काडतूस घातलं, दुसरं डब्यातून चाचपून उचललं आणि दुसऱ्या नळीच्या मागच्या भोकाशी नेलं. ते आत जाईना. मी जोर लावला. मग मान खाली घातली.

लाल.

डबा मांडीवर पालथा केला. पिवळ्यांत आणखी लाल. एवढी लाल माझ्याकडे आली असतील, तर माझी पिवळी कुठे गेली, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

त्याच क्षणी दोन बदकं वाऱ्यावर तोल सावरत सासऱ्यांच्या पिंपापुढे आमिष म्हणून तरंगत ठेवलेल्या लाकडी बदकांवर उतरायला लागली. त्यांची टोपी पिंपाच्या कडेवर आली, बंदूक वर गेली. धाड! एक बदक कोसळलं.

दुसरा बार आला नाही.

मी श्वास धरून थांबले. नाहीच आला. दुसरं बदक आरामात निघून गेलं. सासऱ्यांनी बंदूक मधल्या बिजागरीवर मोडून नळ्यांत पाहिलं. मग त्यांनी मूठ वळून कपाळावर मारली. एकदा, दोनदा.

ते काय समजले होते ते मला इतकं लख्ख कळलं की रडूच आलं. पिवळं आत घसरलं होतं, आणि डावी नळी भरायलाच विसरलो असं त्यांना वाटलं. दुसऱ्या कुणालाही शंका आली असती, त्याने नळीत नीट डोकावलं असतं. त्यांचा स्वतःवरचा विश्वास मात्र आम्हीच चिडवून चिडवून घालवला होता. त्यांनी खाली न बघता दोन्ही नळ्या भरल्या आणि बंदूक मिटली.

"बाबा! डावी नको! डावी नको!" मी घसा फाडून ओरडले. वाऱ्याने ते सगळं माझ्या मागे नेऊन टाकलं. मी लाल फडकं काठीला बांधून उभं केलं. दूर वेतांमागून एर्मेसच्या नावेचं नाक बाहेर आलं, पण वाऱ्याच्या तोंडावर, वळणाच्या पाटातून त्याला यायचं होतं. तो नेहमीच्या गतीने वल्हवत होता. त्याला वाटलं असेल, वहिनींचं बदक पडलं.

तेवढ्यात एकटंच चक्रांग, ते चिमुकलं चपळ बदक, त्यांच्या डोक्यावरून तीरासारखं गेलं. बंदूक त्याच्यामागे फिरली. धाड! उजवी. मी डोळे मिटून घेतले आणि डावीची वाट पाहत राहिले. असली वाट मी जन्मात पाहिली नव्हती. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर चक्रांग पाण्यात पडलं होतं आणि सासरे शांतपणे उजवी नळी भरत होते. एकाच बारात काम झालं म्हणून डावी वाचली.

आता मला एकच करता येण्यासारखं होतं. बदकं त्यांच्यापर्यंत पोचूच द्यायची नाहीत. पुढचा थवा माझ्या बाजूने आला, चांगला मोठा. टप्प्यात यायच्या कितीतरी आधीच मी उभी राहिले, बंदूक आभाळात रोखली आणि बार काढला. थवा विस्कटून समुद्राकडे वळला. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या थव्यालाही मी तेच केलं. तिसऱ्याला केलं तेव्हा ते पिंपात उभे राहून मूठ नाचवत मला शिव्या देत होते. त्या मात्र वाऱ्याबरोबर नीट पोचत होत्या.

"गाढवीण! घरी जा! कपडे वाळत घाल!"

मी दोन्ही हात हलवले, त्यांच्या बंदुकीकडे बोट केलं, डाव्या हाताने मानेवरून सुरी फिरवल्याची खूण केली. त्यांनीही तीच खूण मला परत केली. मग पाठ फिरवून खाली बसले.

असे आणखी काही थवे उधळले आणि माझ्या बंदुकीत बसणारी काडतुसं संपली. डब्यात नुसती लाल उरली होती, टिचभर मोठी, माझ्या काही उपयोगाची नाहीत. एर्मेस पाटाच्या वळणावर पोचला होता. मी त्याला सासऱ्यांकडे जा म्हणून हात केला. तो वळला, आणि ज्या वेतांच्या कडेने वळला तिथूनच तलवार बदकांचा थवा फडफडत उठला. लांब शेपट्यांची, भारी शिकार. मीच बोलावलेल्या नावेने उठवलेली ती बदकं सरळ सासऱ्यांच्या पिंपाकडे निघाली.

एवढ्या थव्यावर ते एका बारावर थांबणार नव्हते.

मी पिंपाबाहेर चढले. गवताच्या ढेकळावर पाय ठेवला न ठेवला, पाण्यात उडी घेतली. पाणी कमरेपर्यंत, पण खालचा गाळ मांडीपर्यंत. दोन पावलं गेले, तिसरं उचलेना. मी ओरडले, दोन्ही हातांनी पाणी उडवलं आणि तोंडावर आपटले. थंडीने छातीतला श्वास तिथेच थांबला. डोकं वर काढलं तेव्हा नाकातोंडात खारट चिखल होता, आणि मला बंदूक दिसली. खांद्याला लागलेली. थवा बरोबर तिच्या वर.

धाड!

तो उजवीचा बार. पहिलं बदक कोलमडलं. बंदुकीचं तोंड दुसऱ्यावर सरकलं, आणि त्या सरकण्यात ते माझ्या अंगावरून गेलं. सासऱ्यांना पाण्यात माझे हात दिसले असावेत. तोंड थांबलं.

साठ वर्षांत थव्यावरचा दुसरा बार त्यांनी कधी राहू दिला नव्हता. आज राहू दिला. बंदूक पिंपात आदळली, टोपी उडाली, आणि तो म्हातारा माणूस गुडघे वर घेत पिंपाबाहेर यायला लागला. "नीवेस! नीवेस!" तो ओरडत होता. सूनबाई नाही, गाढवीण नाही, माझं नाव.

"तिथेच थांबा, काका!" एर्मेसने वल्ह्यावर वल्हं मारत मला गाठलं आणि गाठोड्यासारखं ओढून नावेत घेतलं. मला बोलता येत नव्हतं, दात एकमेकांवर वाजत होते. पिंपाबाहेर चढताना खिशात टाकलेलं लाल काडतूस मी नुसतं त्याच्या हातात दिलं. त्याने ते पाहिलं, माझ्या पिंपाकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडावरचा रंग उडाला.

सासऱ्यांना नावेत घेताना तो म्हणाला, "बंदूक मला द्या, काका. मोडू नका, हात लावू नका. नुसती द्या."

खाजणातल्या घरात मी चुलीपुढे घोंगड्या गुंडाळून बसले. एर्मेसने दुनळी मोडून दोन्ही काडतुसं काढली आणि नळ्या खिडकीकडे धरल्या. उजवीतून उजेड आला. डावीत अंधार. एर्मेसने तोंडाकडून नळी साफ करायची काठी घातली आणि हळूहळू दाबली. मागून एक पिवळं काडतूस निसटून टेबलावर पडलं आणि गडगडत सासऱ्यांच्या हाताशी येऊन थांबलं.

"डावा हात गेला असता," एर्मेस म्हणाला. "तोंडही. चूक माझी. दोन पिशव्या एका टेबलावर ओतल्या मी."

सासरे ऐकत नव्हते. यंत्र अजून डबीतच होतं. त्यांनी ते पिवळं काडतूस उचललं, बोटांत फिरवलं, उजेडात धरलं. मला वाटलं, आता हे घाबरतील. म्हणून मी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यांनी वर पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते आणि चेहरा असा उजळला होता की पानगळीपासून मी तो तसा पाहिला नव्हता.

"म्हणजे मी भरली होती," ते म्हणाले. "नीवेस, डावी नळी मी भरली होती ना? विसरलो नव्हतो?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं, "भरली होती, बाबा. दोन्ही भरल्या होत्या तुम्ही."

"बघ!" ते एर्मेसला म्हणाले. "बघ, भरली होती."