चौदा फुटी आणि बारा फुटी

तलावावर मासे धरायला होडी घ्यायची होती. विकाऊ असलेल्या दोन्ही होड्या एकाच दिवशी बघायच्या असं लेकीने ठरवलं, कारण बाबांना विचार करायला एक रात्र मिळाली की ते काहीतरी खोड काढून सगळंच मोडीत काढत. ती बस चालवायची, रविवारी सुट्टी असायची. बाबांनी चाळीस वर्षं पत्र्याचं काम केलं होतं, तेव्हा अ‍ॅल्युमिनियमच्या होडीबाबत कुणी आपल्याला शहाणपण शिकवू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. हल्ली गुडघे कुरकुरत, पण त्यावर घरात चकार शब्द काढायची सोय नव्हती.

पहिली होडी एका गॅरेजवाल्याच्या आवारात होती. चौदा फुटी, वेल्डिंगची, पोटाला खोल, नुकताच हिरवा रंग दिलेली. गॅरेजवाला तोंडभरून कौतुक करत होता, बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. पत्रा टकटक वाजवत त्यांनी एक फेरी मारली, सांध्यांवरून अंगठा फिरवला आणि काम चोख आहे म्हणाले. मग आत चढायला गेले. एक पाय काठावरून गेला, दुसरा काही केल्या वर येईना. शेवटी गॅरेजवाल्याने हात दिला. विजार अडकली, असं बाबा म्हणाले. विजार कुठेच अडकलेली नव्हती. लेकीने ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

दुसरी होडी एका निवृत्त शिक्षिकेच्या परसात होती. बारा फुटी, सपाट तळाची, बुटकी, जागोजागी पोचे आलेली. पत्रे रिव्हेट ठोकून जोडलेले होते. तीन रिव्हेटांभोवती बाईंनी खडूने गोल काढून ठेवले होते. इथून पाणी येतं, आधीच सांगितलेलं बरं, असं त्या म्हणाल्या. बाबांनी नाक मुरडलं. त्यांच्या मते तो डबा होता.

तरी लेकीने होडी दोन ओंडक्यांवर ठेवायला लावली आणि नळी लावून आत पाणी भरलं. खडूच्या तिन्ही खुणांपाशी बाहेरून थेंब जमले. बाबा खाली वाकून बोटं फिरवत होते.

"चौथंही सैल आहे," ते म्हणाले.

तिथे काहीच दिसत नव्हतं. मग हळूहळू ओल आली. बाईंनी खडूने चौथा गोल काढला.

पाणी काढून टाकल्यावर होडी गवतावर उतरवली. बाबांनी कुणाकडेही न बघता आत पाय टाकला, मग दुसरा, आणि फळीवर बसले. थोडा वेळ बसूनच राहिले.

लेकीने तिथल्या तिथे हीच घेऊ म्हणून सांगून टाकलं. परतताना गाडीत बाबांनी विचारलं, "चांगली सोडून ही का?"

"चौदा फुटी आपल्या शेडमध्ये मावणार नाही."

"शेड मी बांधलीय. पंधरा फूट आहे."

तिने गिअर बदलला. दोन चौक गेले.

"चार रिव्हेटं," बाबा म्हणाले. "एका सकाळचं काम. तू आतून दाबून धर, मी बाहेरून ठोकतो."

पुढच्या रविवारी तसंच झालं. ठोकताना तिच्या हाताला झिणझिण्या आल्या आणि बाबांनी तिला दोनदा झापलं.

त्यानंतरच्या रविवारी दोघं तलावावर गेले. रिव्हेटांमधून थेंबही आला नाही. पण वारा सुटला तसा सपाट तळ लाटांवर थाडथाड आपटायला लागला, पाणी काठावरून आत उडू लागलं. हिरवी असती तर लाट कापत गेली असती, असं बाबा म्हणाले. गेली असती, असं तीही म्हणाली, कारण ते खरंच होतं. गळाला तळहाताएवढी एक मासळी लागली, ती बाबांनी सोडून दिली. सकाळी साडेदहाच्या आत दोघं गुडघ्यापर्यंत भिजून घरी आले आणि लेक दोघांचे भिजलेले बूट सुकत घालायला गच्चीवर गेली.