बाहेर उघडणारं दार

सुतार आला तेव्हा बाबा पॅसेजमधल्या खुर्चीत पेपर वाचत होते. बाथरूमसमोरची ही जागा त्यांची ठरलेली. बस चालवून चालवून कंबर गेली होती, आणि घरात वाचण्यापुरता उजेड तिथंच यायचा.

“दार फिरवायला आलोय,” सुतार म्हणाला आणि पिशवीतून करवत, पटाशी काढून फरशीवर मांडू लागला.

“कुठलं दार? कुणी सांगितलं?”

“हे बाथरूमचं. आत उघडतं ना? ते बाहेर उघडायला पाहिजे. मी केंद्रातून आलोय.”

केंद्र म्हणताच बाबांनी पेपर मिटला. नशा करणाऱ्यांना तिथं स्वच्छ सुया मिळत, जखमा बांधून मिळत, आणि स्वतः त्यातून गेलेली माणसं त्यांच्याशी बोलत बसत. सुतार त्यांच्यातलाच. बाबा त्या सगळ्यांना ‘सुया वाटणारे’ म्हणत. त्यांचा धाकटा मुलगा नशा सुटायचे उपचार घेऊन घरी परतला त्याला जेमतेम आठवडा झाला होता.

“तो सुटलाय त्यातून.”

“चांगलंच आहे की. पण कधी घसरला, तर इथंच येईल, कडी लावून. पूर्वी पचायची ती मात्रा आता त्याच्या अंगाला पचायची नाही. जागा एवढीशी, माणूस पडतो तो दारालाच टेकून. मग बाहेरून ढकलणारे त्यालाच दाबत बसतात.”

“म्हणजे तो घेणारच, असं धरून चाललात तुम्ही!”

“काका, बसला संकटकाळचं दार असतं. म्हणजे ड्रायव्हर गाडी उलटवणारच, असं कुणी धरून चालतं का?”

“माझ्या गाडीचं ते दार एकदाही उघडावं लागलं नाही.”

“पण होतं ना?”

स्वयंपाकघरात आई खुदकन हसली. बाबांना ते झोंबलं. “आणि ते बाहेर उघडलं की माझ्या खुर्चीवर आदळेल, त्याचं काय?”

“घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. मी नुसतं दार फिरवतोय. खुर्ची तुम्ही फिरवा.”

आवाज ऐकून धाकटा खोलीतून बाहेर आला.

“हा बघा, समोरच आहे. त्यालाच विचारा,” बाबा म्हणाले. “काय रे, पाहिजे का तुला असलं दार? माझा तर माझ्या पोरावर विश्वास आहे.”

धाकट्यानं सुताराकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबा हसत होते.

“नको,” तो म्हणाला. “बाबा म्हणतात ते बरोबर आहे.”

“नक्की?” सुतारानं विचारलं.

“हो.”

सुतारानं दाराच्या कडीवर बोट ठेवलं. “कडी तरी बदलू? बाहेरून उघडता येते अशी असते.”

“नको म्हणाला ना तो!”

सुतारानं हत्यारं आवरली. जाताना आईच्या हातात नशेचा अंमल उतरवणारा, नाकात मारायचा एक फवारा ठेवला. “काकू, हा हाताशी असू द्या. श्वास मंदावला, ओठ निळे दिसले, की नाकात मारायचा आणि अँब्युलन्स बोलवायची.”

त्याला दारापर्यंत सोडून परत येताना बाबांनी धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. त्या आठवड्यात ते दोन शेजाऱ्यांना आपणहून म्हणाले, “पोरगं सुधारलं हो.”

पुढच्या महिन्यात, एका दुपारी, बाथरूममधला नळ बराच वेळ चालू राहिला. आईनं हाक मारली. मग बाबांनी मारली. बाबांनी खांद्यानं धडक दिली तशी जुनी कडी निखळली, पण दार चार बोटं सरकून थांबलं. पलीकडे काहीतरी मऊ आणि जड होतं. बाबा पुन्हा रेटू लागले, आणि सुताराचं बोलणं आठवून एकाएकी मागे झाले. आईनं फवारा मुठीत धरून हात फटीतून कोपरापर्यंत घातला. तो धाकट्याच्या टाचेला लागला, नाकापर्यंत पोचला नाही. बिजागऱ्या आतल्या बाजूला होत्या, त्यामुळे दार बाहेरून काढताही येईना.

अँब्युलन्स निघाली होती. आईनं सुतारालाही फोन केला होता; तो जवळच कामावर होता, आधी पोचला. त्यानं दाराची खालची फळी कापली, आत सरपटत जाऊन फवारा मारला, तोंडानं श्वास दिला. पहिला श्वास आला तो घोरल्यासारखा. धाकटा वाचला. पण मधली काही मिनिटं त्याच्या मेंदूला प्राणवायू मिळाला नव्हता. दवाखान्यातून घरी आला तेव्हा त्याच्या हाताला कंप होता आणि शब्द उशिरा सापडत होते. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला असताना डोळे झाकून लावायचा ते बारीक स्क्रू आता त्याच्या चिमटीत राहत नव्हते.

नवं दार लावायला बाबांनीच सुताराला बोलावलं. सुतार चौकटीत बिजागऱ्यांसाठी नव्या खाचा पाडत होता, बाबा दार उभं धरून होते.

“तेव्हा केंद्रानं पाठवलं होतं ना तुम्हाला?”

सुताराची पटाशी थांबली. “केंद्र आपणहून कुणाच्या घरी जात नाही, काका.”

“मग?”

“त्यानंच सांगितलं होतं. म्हणाला, ‘घरी मला भीती वाटते. दार फिरवून दे. पण मी सांगितलं असं म्हणू नकोस.’ मी शब्द दिला होता. मोडायला हवा होता.”

बाबांनी दार भिंतीला टेकवलं. धाकटा त्यांच्या खुर्चीत बसून त्यांच्याकडेच पाहत होता. सगळं त्यानं ऐकलं होतं.

“मला का नाही सांगितलंस?”

पूर्वी बाबा लोकांची वाक्यं स्वतःच पुरी करत. आता ते थांबले.

“तुम्ही...” धाकटा म्हणाला. शब्द शोधताना त्याचे ओठ नुसतेच हलले. “तुम्ही... खूश होतात.”

सुतारानं मान खाली घालून भुसा गोळा केला.

दार बसलं, कडीही बाहेरून उघडता येणारी. बाबांनी खुर्ची उचलून आतल्या कोपऱ्यात नेली. तिथं पेपरवर उजेड पडत नाही, पण त्यांनी ती परत हलवली नाही.

आता धाकटा आत गेला की बाबा बाहेर उभे राहतात. सुतारानं शिकवलंय तसं मधूनमधून विचारायचं, आणि आतून उत्तर आलं नाही तर उघडायचं.

“आहेस ना रे?”

उत्तराला वेळ लागतो. तो शब्द शोधतोय, की पुन्हा कोसळलाय, हे बाहेरून कळत नाही. दाराच्या मुठीवर बाबांचा हात आवळत जातो.

“आहे,” आतून येतं.

हात सैल पडतो, पण मुठीवरच राहतो.