माजी अध्यक्षा मागच्या रांगेत

मावळत्या नगराध्यक्षा, दातांच्या डॉक्टरीणबाई, यंदाची निवडणूक हरल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दवाखान्यात दात दुखणारा एकही माणूस नव्हता. सगळे कार्यकर्ते. बाकांवर जागा पुरेना म्हणून एकजण चक्क दाढ काढायच्या खुर्चीत पाय पसरून बसला होता.

"वहिनी, निकाल मान्य नाही, एवढंच म्हणा," त्यांचे धाकटे दीर म्हणाले. प्रचाराची सगळी धावपळ त्यांचीच. घसा बसला होता, पण जोर तसाच. "बाकीचं आम्ही बघतो. पालिकेच्या दाराशी ठाण मांडतो. ती निवडून आलेली बेकरीवाली आत कशी जाते तेच बघू."

"मतमोजणीत काही गडबड झाली का, भाऊजी? तुम्ही तिथेच होतात."

दीर छताकडे बघू लागले. "गडबड अशी नाही. पण लोक आपल्या बाजूने आहेत."

"आपल्या बाजूने असते तर मतं दिली असती की."

कोणीतरी फिसकन हसलं. बाईंना हरल्याचं वाईट वाटतच होतं. नवऱ्यापाशी त्या रडल्याही होत्या. पण ही माणसं कित्येक महिने समोरच्या गटातल्या शेजाऱ्यांशी बोलत नव्हती, आणि आज आपण नुसती मान डोलावली तरी हातघाईवर येतील, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी पांढरा कोट काढून खुंटीला लावला.

"मी पालिकेत जाऊन येते. एकटी."

पालिकेच्या व्हरांड्यात नव्या अध्यक्षा बाकावर बसून होत्या. दणकट बांध्याच्या, भाषणात भल्याभल्यांची सालटी काढणाऱ्या. आज मात्र पर्स मांडीवर घट्ट धरून. शिपायाने दालन उघडलंच नव्हतं. आधीच्या बाईंना विचारल्याशिवाय कसं उघडू, म्हणे.

"उघडा हो," डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या. "आणि यापुढे जे विचारायचं ते यांना."

"मला वाटलं, तुम्ही येणार नाही," बेकरीवाल्या बाई पुटपुटल्या.

"काल मलाही तसंच वाटत होतं."

दोघी आत बसल्या. पाण्याच्या नव्या वाहिनीचं काम कुठे अडलंय, कोणता ठेकेदार गोड बोलून वेळ काढतो, हे सांगता सांगता दुपार झाली. लोक दारातून डोकावून जात होते. शेवटी दीर आले. दोघी एकाच नकाशावर वाकलेल्या बघून घुटमळले आणि म्हणाले, "वहिनी, घरी सगळे जेवायला थांबलेत." मग बेकरीवाल्या बाईंकडे न बघताच, "तुम्हीही चला."

त्यांचा उतरलेला आवाज ऐकून डॉक्टरीणबाईंना हायसं वाटलं. भाऊजींनाही भांडायचं नव्हतंच. कोणीतरी थांबवायला हवं होतं.

पुढच्या नागरिक सभेत डॉक्टरीणबाई मागच्या रांगेत बसल्या. पाण्याचा विषय निघाला, तशा सवयीने उभ्या राहून बोलायला लागल्या.

"बाई, हात वर करा. तुमच्या आधी या आजोबांचा नंबर आहे," नव्या अध्यक्षा म्हणाल्या.

सभागृहात हशा पिकला. बाईही हसत खाली बसल्या. आजोबा पाणी सोडून गटारावर घसरले, तिथून थेट आपल्या गुडघ्यांवर. त्यांना आवरायचं काम आता आपलं नाही, हे लक्षात आलं, आणि बाईंनी पाठ निवांत खुर्चीला टेकली.